ओलं की सुकं?

घरात गवंडी शिरला की मागोमाग अण्णा शिरतात. त्यांना बोलवावं लागत नाही. खडीची पहिली ट्रॉली दारात रिकामी होते, तिचा आवाज त्यांना दोन गल्ल्या पलीकडे बरोबर ऐकू जातो. एरवी काकूंनी शेजारच्या खोलीतून मारलेली हाक त्यांना ऐकू येत नाही. ट्रॉली वळून जायच्या आत खिशात टेप, काखेत डायरी आणि कानावर पेन्सिल अशा थाटात ते फाटकात उभे असतात. पहिला प्रश्न ठरलेला: “किती धरलंय?” आपण जो आकडा सांगू तो त्यांना मान्य नसतो. दुसरा प्रश्नही ठरलेला, आणि खरे अण्णा त्या दुसऱ्या प्रश्नातच आहेत.

“हे ओलं की सुकं?”

अण्णा इंजिनिअर नाहीत, ओव्हरसियरही नाहीत. एस.टी.च्या डेपोत हिशेबनीस म्हणून त्यांची नोकरी गेली. जन्मात त्यांनी एकच घर बांधलं. पण एक घर बांधलेला माणूस गावातल्या उरलेल्या सगळ्या घरांचा सल्लागार होतो, हा आपल्याकडचा अलिखित कायदा आहे. तुमच्याही आळीत असा एक असणारच, त्यामुळे त्यांचा चेहरामोहरा सांगत बसत नाही.

आमची मागची पडवी दहा बाय बाराची. पत्रे गंजले होते, ते काढून स्लॅब टाकायचं घाटत होतं. मिस्त्री म्हणाले, “सोळा पोती आणून ठेवा, उरली तर उरली.” मला हे वाक्य आवडलं होतं. अण्णांना ते सहन झालं नाही.

“उरली तर उरली? प्रोफेसर, पावसाळ्यात उरलेलं पोतं म्हणजे दगड. त्याच्यावर बसून कपडे धुवायचेत का?” असं म्हणत त्यांनी पडवीतल्या खाटेवर डायरी उघडली. दहा गुणिले बारा, एकशेवीस चौरस फूट. जाडी पाच इंच. झालं पन्नास घनफूट, म्हणजे अर्धा ब्रास. मी म्हटलं, “म्हणजे अर्धा ब्रास माल.” अण्णांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. एम.ए. झालेल्या माणसाकडे ते नेहमी असंच पाहतात.

“ओलं की सुकं?”

मग त्यांनी मला ते समजावलं. याआधीही समजावलं होतं. शेजाऱ्याच्या पाण्याच्या टाकीच्या वेळी आणि समोरच्या देवळाच्या ओट्याच्या वेळी. डबा बोरांनी गच्च भरावा आणि वरून मोहरी ओतावी, तर मोहरी बोरांच्या फटीत मुरते आणि डबा काही वाढत नाही. काँक्रीटचं तसंच. खडीच्या पोकळीत वाळू बसते, वाळूच्या पोकळीत सिमेंट, आणि पाणी पडलं की सगळे एकमेकांना जागा देऊन खाली बसतात. म्हणून पन्नास घनफूट ओलं काँक्रीट पाहिजे असेल तर सुका माल पन्नास घनफूट आणून भागत नाही. त्याला गुणायचं एक पॉइंट चोपन्ननं.

१.५४. हा अण्णांचा आकडा. इंजिनिअरिंगच्या पुस्तकांत कुठे १.५२ देतात, कुठे १.५७. अण्णांच्या लेखी ते पाखंड आहे.

पन्नास गुणिले १.५४, सत्त्याहत्तर. स्लॅबला एम-२०, म्हणजे एकास दीडास तीन. एक, दीड आणि तीन मिळून साडेपाच. सत्त्याहत्तर भागिले साडेपाच... इथे अण्णांची पेन्सिल थांबली. त्यांनी पुन्हा भागाकार केला. मग उठून त्यांनी माझा हातच धरला. “चौदा! प्रोफेसर, पूर्णांकात सुटलं! चौदा घनफूट सिमेंट, एकवीस घनफूट वाळू, बेचाळीस घनफूट खडी. तुमची पडवी पुण्यवान आहे हो!” लोक उगाच साडेनऊ बाय पावणेबाराच्या खोल्या काढतात आणि हिशेबात शेपट्या राहतात, हे त्यांचं जुनं दुःख होतं. त्या संध्याकाळी ते आमच्याकडे आनंदानं दोनदा चहा प्यायले.

पोत्यात सिमेंट १.२२६ घनफूट. म्हणून पोती अकरा पूर्णांक चार दशांश, म्हणजे बारा. “उरलेलं अर्धं पोतं सांडलवंडीला. त्याहून जास्त सांडलं तर मला बोलवा.” सळई घनमीटरला ढोबळ ऐंशी किलोनं एकशेतेरा किलो, शिवाय दुकानदारावर विश्वास नको म्हणून मिलिमीटरमधल्या व्यासाचा वर्ग भागिले १६२, की मीटरला किती किलो ते निघतं. आठ मिलिमीटरची बारा मीटर सळई पावणेपाच किलो भरली पाहिजे. अण्णा दुकानात काट्याशेजारी उभे राहिले आणि ती पावणेपाच किलो भरली. त्यांचा थोडा हिरमोडच झाला.

मिस्त्रींसाठी त्यांनी घरून एक लाकडी फर्मा आणला होता. चाळीस सेंटिमीटर लांब, पस्तीस रुंद, पंचवीस उंच. बरोबर पस्तीस लिटर, म्हणजे एक पोतं सिमेंटच्या मापाचा. त्यानं मोजून दीड फर्मा वाळू आणि तीन फर्मे खडी घालायची, घमेल्यानं अंदाजपंचे नाही. मिस्त्रींनी फर्मा आदरानं घेतला, उलटा केला आणि त्यावर बसून तंबाखू मळली. मला वाटतं, त्या फर्म्याचा दर घरात हाच उपयोग होतो.

आता खरी गंमत वाळूची. एकवीस घनफूट वाळू म्हणजे पाव ब्रासलाही कमी. ती विकायला कोण येतंय? ट्रॅक्टरवाला एक ब्रासखाली गाडी हलवत नाही. आरएमसीचा, म्हणजे तयार काँक्रीटचा गाडा तर सहा घनमीटरचा, आमचं काम दीड घनमीटरसुद्धा नाही. तिथे फोनवर ज्यांनी हिशेब ऐकला त्यांनी हसून दुसऱ्याला ऐकवला. तेव्हा हिशेब एकवीसचा आणि ट्रॉली शंभर घनफुटांची, असं करून क्रश सँड दारात आली. धूळ उडू नये म्हणून वरून पाणी मारलेलं होतं. अण्णा चाकावर पाय ठेवून ट्रॉलीत चढले, टेप खुपसला आणि ड्रायव्हरला वरूनच विचारलं,

“ओली की सुकी?”

“दिसतंय की अण्णा. ओली हाय.”

“मग कमी आहे.”

“टेप लावलाय तुमीच. भरलीय की शंभर!”

इथे अण्णांचं शास्त्र उलटं फिरतं, आणि याच ठिकाणी गाव त्यांच्यापुढे हात टेकतं. काँक्रीट ओलं झालं की बसतं. वाळू दमट झाली की फुगते. कणाकणाभोवती पाण्याचा पापुद्रा धरतो आणि कण एकमेकांपासून लांब सरकतात. शेकडा पाचाच्या आसपास ओल असेल तर माप पावपटीनंसुद्धा वाढतं. म्हणजे मापाला आपण जे मोजतो त्यातलं बरंचसं पाणी आणि हवा. ड्रायव्हरला हे पटेना. अण्णांनी आमच्या न्हाणीघरातली बादली आणवली, ती वाळूनं काठोकाठ भरली, भरपूर पाणी ओतून ढवळलं. पूर्ण बुडाली की फुगलेली वाळू पुन्हा खाली बसते. बादलीत वर चार बोटं नुसतं पाणी राहिलं. ड्रायव्हर बराच वेळ त्या बादलीत बघत राहिला. “आयला,” म्हणाला, “आमचा मालक शिकलेला दिसतोय.” शंभर रुपये कमी झाले. आमची आंघोळीची बादली त्या दिवसापासून खरखरते.

ट्रॉलीतली उरलेली वाळू पुढचे काही महिने फाटकाशी पडून होती, ती गोष्ट वेगळी. आळीतल्या मांजरांना तिचा फार उपयोग झाला.

खर्चाचंही सांगून टाकतो. सिमेंट साडेचार हजारांच्या आत बसलं, सळई सात हजारांत. अण्णांचा आकडा पोत्यालाही चुकला नाही, किलोलाही नाही. आणि तरीही पडवी त्यांनी सांगितल्याच्या दुपटीहून वर गेली. सेंट्रिंगच्या प्लेटा, टेकू, मिक्सरचं भाडं, मजुरी, स्लॅबच्या दिवशीचं मजुरांचं जेवण, नारळ, मिस्त्रींचा टॉवेल-टोपी, यांतलं काहीच डायरीत नव्हतं. मी विचारलं तर म्हणाले, “मी काँक्रीटचा हिशेब सांगितला. माणसांचा हिशेब कोणालाच येत नाही.” मला तेव्हा ही पळवाट वाटली होती.

माणसांचा हिशेब येत नाही म्हणणारा हा गृहस्थ माणसांना मात्र १.५४ लावल्याशिवाय राहत नाही. पुतणीच्या लग्नात पाचशेंना आमंत्रण होतं. आचाऱ्यानं किती पानं धरायची विचारल्यावर अण्णा पुढे झाले: “पाचशे हे सुके. तीनशे पंचवीस धर.” तीनशे एकोणतीस पानं उठली. वरचे चार जण मुलाकडचे ड्रायव्हर निघाले, त्यामुळे त्यांचा विश्वास आणखी घट्ट झाला. निवडणुकीतली आश्वासनं, वर्तमानपत्रातले सभेच्या गर्दीचे आकडे, विहिणीनं सांगितलेला जावयाचा पगार, हे सगळं सुकं, भागा १.५४नं. आमच्या मुलाला बारावीला किती मिळतील असं मी बोलून गेलो, तर त्यांनी तोंड उघडायच्या आत मी विषय बदलला.

काकू एकट्याच त्यांना पुरून उरतात. एकदा अण्णा आमच्यासमोर हे तत्त्व जगाला लावत होते, तेव्हा त्या आतून म्हणाल्या, “तांदूळ ओला झाला की वाढतो. डाळ वाढते. साबुदाणा वाढतो. तुमचं काँक्रीटच तेवढं दळभद्री.” अण्णांनी डायरी मिटली आणि पाणी मागितलं.

पण रस्त्याच्या वेळी मी त्यांना मनातून नमस्कार केला. आमच्या कॉलनीत काँक्रीटचा रस्ता झाला. लांबी, रुंदी, जाडी सहा इंच आणि रक्कम लिहिलेला फलक लागला, फीत कापली गेली. महिना व्हायच्या आत जलवाहिनीसाठी तोच रस्ता मधोमध फोडला; तसा आपल्याकडे क्रमच आहे. लोक चिडून बघत उभे होते. अण्णा खड्ड्यात उतरले. कापलेल्या कडेला टेप लावला आणि पेन्सिल काढली. चार इंचांना एक सूत कमी. चार जणांनी शिव्या दिल्या, दोघांनी फोटो काढले. अण्णा मात्र शांतपणे भागाकार करत होते. “सहा भागिले एक पॉइंट चोपन्न, तीन पॉइंट नव्वद,” असं म्हणून त्यांनी वर हात केला, मी ओढून घेतलं. “हिशेब चोख आहे. फलकावर सुकं लिहिलंय.” दुसऱ्या दिवशी त्यांनी हे सगळं एका अर्जात व्यवस्थित मांडून दिलं. अर्जाची पोच मिळाली. ती डायरीत चिकटवलेली आहे.

हा आकड्यांचा सोस लागला कुठे, ते मला त्या पोचेमुळे कळलं. डायरी चाळताना मागच्या पानांत एक पिवळं पडलेलं कागदाचं चिटोरं निघालं: सिमेंटचं परमिट. अण्णांनी घर काढलं १९८१ साली. तेव्हा पैसे आहेत म्हणून सिमेंट मिळत नसे. अर्ज करायचा, मंजुरी येईल तेवढी पोती, तीही येतील तेव्हा. काळ्या बाजारात पोत्याचा भाव दुप्पट. याच सिमेंटच्या वाटपावरून जानेवारी १९८२मध्ये राज्याच्या मुख्यमंत्र्यांना, बॅरिस्टर अंतुल्यांना, पायउतार व्हावं लागलं. पुढच्याच महिन्यात नियंत्रण काही अंशी उठलं, आणि पुरतं उठायला १९८९ उजाडलं. तोवर अण्णांचं घर बांधून झालं होतं. मिळालेल्या पोत्यांत पाया, कॉलम, बीम आणि स्लॅब सगळं बसवायचं होतं. एक पोतं कमी पडलं असतं तर अर्धा स्लॅब तसाच लोंबकळत राहिला असता. डेपोतून सुटल्यावर ते एका निवृत्त ओव्हरसियरकडे जाऊन बसत आणि त्यानं त्यांना हा गुणाकार शिकवला. “उरली तर उरली” हे वाक्य त्यांना का झोंबतं, त्याचं कारण असं आहे. स्लॅबच्या रात्री पोत्यांच्या थप्पीवर ते स्वतः झोपले होते. दुसऱ्या दिवशी शेवटचं घमेलं वर गेलं तेव्हा खाली एक पोतंही शिल्लक नव्हतं आणि वर वीतभरही जागा उघडी नव्हती. हे सांगताना ते अजून आवाज खाली आणतात.

त्या गच्चीवर चारही कोपऱ्यांत कॉलमच्या सळया वर आलेल्या आहेत. आपल्याकडे निम्म्या गावाच्या डोक्यावर त्या असतात. वरचा मजला पोरगा चढवील म्हणून. गंजू नयेत म्हणून अण्णा दर उन्हाळ्यात त्यांना सिमेंटचं पाणी फासतात. आणि दर पाडव्याला वरच्या मजल्याचं अंदाजपत्रक नव्यानं मांडतात, त्या वर्षीच्या भावानं. डायरीत ती सगळी ओळीनं आहेत. पोत्यांची संख्या तीच, खडी तीच, सळई तीच. फक्त उजवीकडचा रकाना दर वर्षी रुंद होत गेलेला. नदीची वाळू जाऊन क्रश सँड आली तिथे एक तांबडी रेघ आहे. गेल्या वर्षी सप्टेंबरात सिमेंटवरचा जीएसटी अठ्ठावीसचा अठरा टक्के झाला, तेव्हा पाडव्याची वाट न पाहता त्यांनी ते पुन्हा मांडलं आणि आम्हाला पेढा दिला. पन्नास वर्षांत पहिल्यांदा मजला स्वस्त झाला म्हणाले. पन्नास कुठे झालीत, पण मी १.५४नं भागून घेतलं आणि गप्प बसलो.

मुलगा टेक्ससला. तिथे त्याचं स्वतःचं घर आहे, लाकडी. वरच्या मजल्याचा विषय दोघांपैकी कोणी काढत नाही. पंधरा दिवसांतून एकदा फोन यायचा. तब्येत, हवा, जेवलात का, आणि मग दोन्हीकडे घड्याळाकडे बघणं.

यंदा एका सकाळी तो म्हणाला, “अण्णा, मागच्या अंगणात काँक्रीटचा ओटा करतोय. बसायला.” अण्णांनी डावा हात लांब केला, काकूंनी न बोलता त्यात डायरी ठेवली.

“माप?”

“दहा बाय बारा.”

“प्रोफेसरांची पडवी!” अण्णा ओरडले. मला लगेच घरून बोलावून आणलं गेलं. “जाडी?”

“चार इंच.”

“चाळीस घनफूट. सव्वानऊ पोती.”

“सदुसष्ट आणली अण्णा.”

फोन अण्णांच्या हातून पडता पडता राहिला. सव्वानऊच्या जागी सदुसष्ट! लुटलं पोराला. मग तो समजावू लागला. तिथल्या पोत्यात नुसतं सिमेंट नसतं; वाळू, खडी सगळं मिसळलेलंच येतं. ऐंशी पौंडांचं पोतं, त्यात फक्त पाणी घालायचं. एका पोत्याचं पॉइंट सहा घनफूट होतं, पोत्यावर छापलेलंच आहे.

“पॉइंट सहा,” अण्णा म्हणाले, “ओलं की सुकं?”

“ओलं. तयार काँक्रीट किती होईल तेच लिहितात.”

“मग... चोपन्न?”

“लागत नाही अण्णा. चाळीस भागिले पॉइंट सहा, संपलं.”

मी तिथेच बसलो होतो. थट्टा करायची एवढी आयती संधी मला गेल्या कित्येक वर्षांत मिळाली नव्हती, आणि मी टीपॉयवरचं वर्तमानपत्र वाचत बसलो. अण्णांनी पेन्सिल कानावर ठेवली, पुन्हा काढली. सदुसष्ट पोत्यांचं वजन काढलं, जवळजवळ अडीच टन. “उचलली कोणी?”

“मीच. मिक्सर भाड्यानं आणला होता. शनिवारी एका दिवसात ओतलं.”

“एकट्यानं? आणि दुपारचं जेवण?”

“सँडविच खाल्लं.”

स्लॅबच्या दिवशी सँडविच. काकूंनी पदर डोळ्यांना लावला तो अडीच टनांमुळे नव्हे, सँडविचमुळे. अण्णा खाकरले आणि त्यांचा डेपोतला आवाज लागला. ओतलंस ते ओतलंस, पण पाणी मारतोयस का? काँक्रीट सुकून घट्ट होत नाही, पाणी पिऊन घट्ट होतं. निदान सात दिवस ओलं राहिलं पाहिजे. तिथलं ऊन कसं आहे? पोतेरी टाकलीस का वर? दाखव. कॅमेरा फिरव. तो कोपरा पांढरा दिसतोय.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला अण्णांनी स्वतः फोन लावला. आपली सकाळ ती त्याची आदली संध्याकाळ. तो ऑफिसातून येऊन नळी हातात धरूनच उभा होता. तिसऱ्या दिवशीही. चौथ्या दिवशी नळी नातीच्या हातात होती आणि तिला “आळं” हा शब्द शिकवण्यात वीस मिनिटं गेली. तिनं शेवटी अंगणातल्या मातीचं आळं केलं, ओटा भरून पाणी साठवलं आणि त्यात बदक सोडलं. प्लास्टिकचं. पाचव्या दिवशी तर मुलगा म्हणाला, “अण्णा, आपल्या स्लॅबच्या वेळी तुम्ही पोत्यांवर झोपला होतात ना?” आणि अण्णांनी मला हातानंच खुणावलं, की आता तुम्ही घरी जा.

सातवा दिवस संपला. दुसऱ्या सकाळी मी फाटकाशी उभा होतो तेव्हा अण्णांच्या ओसरीतून आवाज येतच होते. मुलगा विचारत होता, “आज मारायचं का अण्णा? सात झाले.”

“सात हे सुके,” अण्णा म्हणाले. “गुणिले एक पॉइंट चोपन्न. अकरा धर.”

दिवसांना हा गुणक कुठल्याही शास्त्रात लागत नाही. पोरगा इंजिनिअर आहे, त्याला हे पक्कं माहीत आहे. तो म्हणाला, “बरं.”

तेवढ्यात काकू पदराला हात पुसत बाहेर आल्या. “अहो, काँक्रीटची ताकद अठ्ठावीस दिवसांनी मोजतात म्हणता ना तुम्ही?”

“हो, मग?”

“अठ्ठावीसाला गुणलं की किती होतात?”

“त्रेचाळीस,” अण्णा म्हणाले, डायरी न उघडता. “वर पॉइंट बारा.”